बटाट्याला नावं ठेवायच्या आधी

आज दुपारी पुण्याची भाची जेवायला होती. रश्श्यातली बटाट्याची फोड न् फोड वेचून तिनं ताटाच्या कडेला लावली आणि वर म्हणते, "मामी, हे नुसतं पिष्ट, याला काही किंमत नाही." पाहुणी म्हणून गप्प बसले. रात्रीचे नऊ वाजलेत, डोकं अजून तापलेलंच आहे.

किंमत नाही? माझं माहेर बेळगावजवळच्या कडोलीचं. मृगाच्या आधी आमच्या सोप्यात बियाण्याचे बटाटे ओतलेले असायचे आणि आजी विळीवर त्यांच्या फोडी करायची. एकदा मी घाईनं कापायला गेले, कोंब फुटतो तो डोळाच कापला, तर हातावर फटका बसला. "डोळा मोडलास बघ! आता ही फोड उगवंल काय?" कापलेल्या अंगाला चुलीतली राख लावून ती फोडी पसरायची.

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या डोंगरात, टिटिकाका सरोवराच्या आसपास, सात-आठ हजार वर्षांपूर्वी लोकांनी हा रानटी, कडू कंद माणसाळवला. रात्रीच्या थंडीत गोठवायचा, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचं, वाळवायचा. असा 'चुन्यो' वर्षानुवर्षं टिकायचा. स्पॅनिश तिथं गेले सोन्याचांदीसाठी, पण पोतोसीच्या चांदीच्या खाणीत राबणारे मजूर जगले ते या चुन्योवर. आपला 'बटाटा' हा शब्दच पोर्तुगीजांचा. इतक्या लांबून आलेला, तरी आपल्या एकादशीला चालतो. गव्हाला तरी आहे का हा मान?

मी आठवीत होते. श्रावणात आठ दिवस ऊन नाही, नुसती झिमझिम, आणि बटाट्यावर करपा रोग आला. चार दिवसांत पाला काळा. अण्णांनी एक झाड उपटलं तर हाताला घाण चिकटली. तो वास अजून नाकात आहे. आजी बांधावर बसून राहिली, एक शब्द बोलली नाही.

पुढं कॉलेजात आयर्लंडचं वाचलं. १८४५ साली हाच करपा. दहा लाख माणसं मेली, जवळपास तेवढीच देश सोडून गेली. गरिबांच्या रानात जिकडंतिकडं एकच वाण, लंपर. फोडी लावून वाढवलेलं पीक म्हणजे सगळी एकाच रक्ताची झाडं, एकाला लागलं की सगळ्यांना. आणि त्याच वर्षांत आयर्लंडमधून धान्याची जहाजं इंग्लंडला जातच होती! पुस्तक मिटलं तरी डोळ्यांपुढं बांधावरची आजीच. होस्टेलात रडले होते मी.

बरं, शुगरवाल्यांनी बेतानं खावा, कबूल. पण थोडक्या रानात तीन-साडेतीन महिन्यांत घरभर माणसांचं पोट भरणारं दुसरं पीक दाखवा मला. करप्याला तोंड देईल असं 'कुफरी ज्योती' वाण शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेनं १९६८ साली दिलं, ते काय उगीच? चीनच्या खालोखाल जगात सर्वांत जास्त बटाटा आपल्या देशात पिकतो, आणि आपलीच पोरं त्याला नाकं मुरडतात.

पोरगी वाईट नाही हो. तिला कुणी सांगितलंच नाही. मीही आज सांगितलं नाही.

त्या करप्याच्या साली आजीनं कुजक्या रानातून टोपलीभर धड बटाटे वेचून आणले होते. उकडून, मीठ-तिखट लावून आम्हा चौघा भावंडांना दिले आणि आपण नुसती पेज प्यायली. संध्याकाळी भांडी घासायला काढली तेव्हा भाचीच्या ताटात त्या फोडी तशाच होत्या. टाकवेनात. ओट्यापाशी उभी राहून मीच खाल्ल्या.