वीट घेतली म्हणून योग बाटत नाही

दर वर्षी २१ जून जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दोऱ्या, विटा, खुर्च्या घेऊन करतात तो योग नव्हेच. आपल्या ऋषींनी कधी आधार घेतला नाही, ही साधनं परदेशी लोकांसाठी काढली, त्यांनी शरीर आळशी होतं, आणि खरा फायदा हवा तर घाम निथळेपर्यंत सूर्यनमस्कार घाला. मी आणि माझी अडुसष्ट वर्षांची आई, दोघीही अय्यंगार पद्धतीने, म्हणजे लाकडी विटा, पट्टे, खुर्च्या यांचा आधार घेऊन एकेका आसनात थांबत सराव करतो. यंदा हा मजकूर वाचून तिने खुर्ची गॅलरीत नेऊन ठेवली, म्हणून हे लिहायला बसले.

आधी ऋषींचं बघू. पतंजलींनी आसनाचं लक्षण सांगितलं ते ‘स्थिरसुखमासनम्’. त्या सूत्रावरच्या व्यासभाष्यात आसनांची यादी येते, आणि तीत पद्मासन, वीरासनाच्या पंगतीत ‘सोपाश्रय’ आहे. सोपाश्रय म्हणजे आधार घेऊन. या भाष्यावर टीका लिहिणाऱ्या वाचस्पती मिश्रांनी त्याचा अर्थ योगपट्ट लावून बसणं असा उलगडला आहे. योगनरसिंहाच्या किंवा अय्यप्पाच्या मूर्तीत गुडघ्यांभोवती जो पट्टा दिसतो, तोच हा. उलट सूर्यनमस्कार हठयोगप्रदीपिकेसारख्या आसनांवरच्या जुन्या ग्रंथात शोधून सापडत नाहीत. ते घराघरांत गेले विसाव्या शतकात, औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांच्या ध्यासामुळे. यात सूर्यनमस्कारांना काही कमीपणा नाही, मी स्वतः रोज बारा घालते. पण जुनं तेच खरं म्हणायचं, तर पट्ट्याला नाकारता येणार नाही.

परदेशी लोकांसाठी, हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. ही पद्धत घडवणारे बी. के. एस. अय्यंगार कर्नाटकातल्या बेल्लूरचे. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय यांनी पोखरलेलं शरीर घेऊन ते वाढले आणि १९३७ साली पुण्यात डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले. पुढे जन्मभर पुण्यातच राहिले. १९७९ साली अपघातात जबर मार बसल्यावर त्यांनी स्वतःचा सराव याच साधनांच्या मदतीने पुन्हा उभा केला.

आता आळशीपणाचं. आईचं त्रिकोणासन मी रोज शेजारी उभी राहून बघते. वीट नसली की हात जमिनीला टेकवायच्या नादात तिचा पुढचा गुडघा आत वळतो, छाती खाली झुकते, नजर जमिनीवर जाते आणि श्वास अडतो. घोट्याच्या बाहेर वीट उभी ठेवून तिच्यावर तळवा ठेवला की वरची बरगडी मागे वळते, मांडीचा स्नायू वर खेचला जातो, आणि दहा सेकंदांत कोसळणारं आसन ती मिनिटभर धरते. तेवढ्या वेळात पाय थरथरतात. आळशी पाय थरथरत नाहीत. खुर्चीवरच्या सर्वांगासनातही तेच. कंबर बैठकीवर, खांदे खाली लोडावर, हात खुर्चीच्या मागच्या पायांना घट्ट धरलेले. मानेवर फारसा भार येत नाही, म्हणून तिला तिथे पाच मिनिटं राहता येतं. हे आमच्या योगाच्या बाईंच्या नजरेखाली शिकून घेतलं, घरी एकटीने सुरू केलं नाही. एक मान्य करते: शिक्षकाने लक्ष दिलं नाही तर वीट कायमचीच होऊन बसते. पण तो दोष विटेचा नाही.

घामाचं उत्तर छोटं आहे. घाम शरीर गार ठेवण्यासाठी येतो, फायद्याचं ते माप नाही. म्हैसूरला योगगुरू कृष्णमाचार्यांच्या हाताखाली पट्टाभी जोइसही शिकले आणि अय्यंगारही. एकाने श्वासाबरोबर अखंड फिरणारी शृंखला पुढे नेली, दुसऱ्याने एकेका आसनात थांबणं. पहिल्यात दम वाढतो, दुसऱ्यात कुठला सांधा चुकतोय ते कळतं. जुनाट कंबरदुखीवरच्या चाचण्यांचा २०१७ चा कोक्रेन आढावा (कोक्रेन ही वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) सांगतो की काहीच व्यायाम न करण्यापेक्षा योगाने थोडाफार आराम पडतो, पण इतर व्यायामांच्या तुलनेत फारसा फरक दिसत नाही. तेव्हा आमचाच प्रकार खरा, असं मीही म्हणणार नाही.

हे सगळं काल रात्री आईला वाचून दाखवलं. तिने सोपाश्रयावर दोनदा थांबवलं आणि तो शब्द वहीत लिहून घेतला. सकाळी उठले तेव्हा खुर्ची परत भिंतीपाशी होती, वर घडी घातलेलं घोंगडं.