कोऱ्या जागेचा हिशेब

सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार म्हटल्यावर घरात बैठक बसली. हॉल, आचारी, खापरावर मांडे करणाऱ्या बाया, सगळी कामं भराभर वाटली गेली आणि स्क्रॅपबुक माझ्या गळ्यात पडलं. हे पुण्याच्या भाचीचं खूळ. १२ बाय १२ इंची कोरी पानं, दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप, नक्षीची कात्री असा सरंजाम तिने कुरिअरने धाडला आणि वर फोनवर बोध केला, "मामी, मांडणी सुचत नसेल तर घरातल्या वस्तू बघ. डिझाईन सगळीकडे असतं."

असतं ना! तेच तर दुखणं आहे. ही नजर एकदा लागली की मीठ-मोहऱ्यांनीही उतरत नाही.

पहिलं सापडलं ते जेवणाचं ताट. मीठ वर मधोमध, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये भात. इतकी पक्की मांडणी कुठल्या डिझायनरने केली असेल? मी वहीत टिपून घेतलं : मोठा फोटो भाताच्या जागी, छोटे फोटो वाट्यांच्या जागी, तारीख लिंबाच्या फोडीच्या जागी. हे टिपण होईपर्यंत नवऱ्याच्या शेवभाजीतली शेव सगळा रस्सा पिऊन लापट झाली. नवरा काही बोलला नाही, फक्त स्वतःच उठून डब्यातली शेव घेऊन आला. धुळ्यात हा निषेधच समजतात.

मग गच्ची. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ओल्या धोतरावर ज्वारीचे बिबडे (आमच्याकडचे पापडच ते) थापले होते. धोतराच्या काठाने सरळ रांग, पुढे पुढे हात थकल्याने लहान होत गेलेले गोल, शेवटी उरलेल्या घाट्याचा एक वेडावाकडा ठिपका. भाची म्हणते तो 'ओघ' मला तिथे दिसला. वरून नीट दिसावं म्हणून मी पाण्याच्या टाकीवर चढले. ऊन असं की टाकीचं झाकण हाताला चटका देत होतं. शेजारच्या काकू ओरडल्या, "काय पाही ऱ्हायनी वं, बाई?" बिबड्यांची मांडणी बघतेय, हे उत्तर कुठल्याच बोलीत धड देता येत नाही. मी कावळे हाकलल्यासारखं केलं.

शेवटी गावच कामाला आलं. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आल्यावर खानदेशाचा पहिला कलेक्टर कॅप्टन ब्रिग्ज याने जुन्या धुळ्याशेजारी नवी वस्ती आखून वसवली. अजूनही आम्ही पत्ता सांगतो तो गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असाच. समोरासमोरची दोन पानं मी तशीच आखली : फोटोंच्या उभ्या समांतर गल्ल्या आणि मधून आग्रा रोडसारखा एक रुंद पट्टा. तो पट्टा मोकळा ठेवला, कारण भाचीचा नियम होता की पानावर कोरी जागा हवी. आता, आग्रा रोडवर कोरी जागा दिसली तर माणसं लगेच तिथे हातगाडी लावतात, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

दुसरा नियम तिहाईचा. पानाचे आडवे-उभे तीन-तीन भाग करायचे आणि मुख्य फोटो मधोमध न ठेवता रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठेवायचा. मी लग्नाचा फोटो तसा ठेवला आणि आई चष्मा पुसत आल्या.

"हाई काय शे वं? नवरा-नवरी कोपराम्हा?"

"आई, तशीच पद्धत आहे."

"नि आठे इतली जागा कोरी का बरं सोडी? फोटो सरी गयात का?"

डोळ्यांना विसावा हवा, हे मी सांगून पाहिलं. विसाव्याला दुपार असते, असं त्यांचं मत. पाहुण्याचं ताट अर्धं रिकामं वाढावं, तशी ती जागा त्यांना बोचत होती.

फोटो मुळातच कमी. १९७५ चं लग्न, कृष्णधवल. जुन्या अल्बमची काळी जाड पानं, फोटोचे कान धरून बसलेले इवलेसे कागदी कोपरे, दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद. मूळ फोटोंना हात न लावता मी प्रती काढल्या आणि कात्री प्रतींवर चालवली. तरी काकासासरे आलेच विचारत, "मन्हा पाय कोठे गयात?" पत्रिकेचीही प्रतच लावली. स्वस्त कागदात लिग्निन राहतं आणि तो हवा-उजेडाने पिवळा पडतो, उलट चिंध्यांच्या लगद्याचा जुना हातकागद शतकं टिकतो. आमच्याच गावच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जुनी हस्तलिखितं जपून ठेवलेली आहेत.

त्यावरूनच मला युक्ती सुचली. म्हटलं, "आई, पोथीला दोन्ही बाजूंनी समास सोडलेला असतोच की!"

पोथीपुढे आई गप्प झाल्या. पण खानदेशी सासू गप्प झाली म्हणजे विचार करते आहे एवढंच समजावं. थोड्या वेळाने त्या ट्रंकेतून लाल कापडात बांधलेली आहेराची वही घेऊन आल्या. "समासम्हा बी लोके लिखतस. लिख."

मग मी आग्रा रोडवर आहेर लिहिले. अमुक भाऊ, ११ रुपये. तमुक अण्णा, लुगडं. कोणी पितळी डबा, कोणी ५ रुपये व नारळ. पानावर बोट टेकायला जागा उरली नाही.

कार्यक्रमात फोटो कोणी बघितले असतील तर शपथ. वाकून, चष्मे सरसावून, सगळे तो पट्टा वाचत होते. "आपला बापनी पाचच रुपया दिन्हात?" असं एकाने विचारलं आणि त्याच्या बायकोने ऐकून ठेवलं. मामांनी तर कहर केला. वहीत त्यांच्या घरचा 'लोटा १' आहे. मामांचं म्हणणं, "लोटा नहीं, घंगाळ व्हतं! मी सोता डोकावर लई उनथू!"

घंगाळ गच्चीवर सापडलं, मोगरा लावलेलं. आता त्याचा फोटो पानावर पुरावा म्हणून लागलाच पाहिजे, असा मामांचा हट्ट आहे. कुठे लावायचा, याबद्दल आईंना विचारलं. म्हणाल्या, मधोमध.