वजा ७३

ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझं तोंड उघडं असताना चित्र गोठलं, ते चार मिनिटं तसंच. इंटरनेटवाल्यांना फोन केला तर, "सर, राउटर बंद करून चालू करा." आठ महिने हेच करतोय, बटण गुळगुळीत झालंय. शेवटी मोबाइलवर वायफाय तपासायचं ॲप घेतलं आणि सिग्नल कुठे दम तोडतो ते बघत हॉलमधून दारात, दारातून जिन्यात उतरलो.

खालच्या मजल्यावरचे काका दुधाची पिशवी घेऊन येत होते. थांबले आणि माझ्या खांद्यावरून डोकावले.

"हे 'श्री गजानन प्रसन्न' आमचं. तुमच्या मोबाइलात कसं आलं?"

"सगळ्यांनाच दिसतं काका. राउटर सेकंदाला दहा वेळा ओरडून नाव सांगत असतो."

"आणि पुढे वजा ४१ काय? बिल वेळच्या वेळी भरतो मी. उभी हयात बँकेत गेली, वजा म्हणजे काय ते मला कळतं."

मग मी समजवायला बसलो, ही पहिली चूक. एक मिलिवॅट म्हणजे शून्य, सिग्नल त्याहून कितीतरी कमी म्हणून वजा. दर १० ला ताकद दहा पटीने घटते. तुमचं ४१ झकास, माझं माझ्याच दारात ७३.

"म्हणजे थकबाकी तुमची जास्त," काका म्हणाले. चेहरा उजळला होता.

"पण हे लोकेशन चालू कशाला?" त्यांनीच पुढे विचारलं.

"त्याशिवाय अँड्रॉइड यादी दाखवत नाही. आसपासच्या राउटरांवरून माणूस कुठे आहे ते ओळखता येतं ना." ही दुसरी.

"आमच्या राउटरवरून तुमचा पत्ता कळतो?"

"मी तुमच्या दारात उभा आहे काका. तो असाही कळतोय."

"आमचं नाव काढा बघू त्यातून."

नाव काढता येत नाही हे दाखवायला मी पुन्हा पुन्हा स्कॅन दाबलं. अँड्रॉइड ९ पासून दोन मिनिटांत चारदाच शोधू देतात. पाचव्यांदा आकडे ढिम्म. काकांना वाटलं, मी मुद्दाम लपवतोय. दोन मिनिटं आम्ही तसेच उभे, पिशवीतून दूध माझ्या चपलेवर ठिबकतंय.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: 'काही सभासद जिन्यात फिरून इतरांचे वायफाय मोजत आहेत. सावध राहावे.' खाली सतरा अंगठे. माझ्या बायकोचाही.

इमारतीतले चौदापैकी अकरा राउटर ६ नंबरच्या चॅनलवर, म्हणजे एकाच लेनमध्ये, कोंबलेले. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये एकमेकांच्या अंगावर न जाणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. मी गुपचूप ११ वर गेलो. नुसता गेलो असतो तर बरं होतं. पण अब्रूचा प्रश्न, म्हणून ग्रुपवर सविस्तर खुलासा टाकला. त्याला अंगठा एकही नाही.

परवा काका जिन्यात भेटले. "नातवाकडून आमचंही ११ करून घेतलं हो. दक्षिणासुद्धा आपण अकराच देतो, सहा कोण देतं? वरच्या मजल्यावरच्या तिघांनाही सांगितलंय."

काल मीटिंगमध्ये पुन्हा गोठलो. या वेळी डोळे मिटलेले होते.