तारे कशाला मोजता?

आज दुपारी माझ्या धाकट्या जावेच्या मोबाइलवर तिच्या विद्यापीठाची प्रश्नावली आली. दूरस्थ शिक्षणाबाबत आपण किती समाधानी आहात, एक ते पाच तारे द्या. पोर्टल सोपे आहे का, व्हिडिओ स्पष्ट दिसतात का, सगळे विचारले होते. पाठवलेला स्वाध्याय कोणी वाचला का, हे मात्र कुठेच विचारलेले नव्हते. माझे डोकेच फिरले.

पहिल्या वर्षी तिने रात्री पडवीत बसून लिहिलेला अर्थशास्त्राचा स्वाध्याय देवगडहून एसटीने कणकवलीच्या अभ्यासकेंद्रात नेऊन दिला होता. परत आला तेव्हा समंत्रकांनी, म्हणजे स्वाध्याय तपासणाऱ्या सरांनी, समासात लाल शाईने लिहिले होते, ‘मागणीचा नियम बरोबर, पण उदाहरण पुस्तकातलेच का? तुमच्याकडे आंबा आहे ना?’ मार्चमध्ये पेटी महाग असताना कोण घेतो आणि मे महिन्यात भाव उतरल्यावर कोण घेतो, हे तिने कोणी सांगितले नसताना पुन्हा लिहून काढले. तो कागद तिने आम्हा सगळ्यांना दाखवला, अगदी मासेवालीलासुद्धा.

यंदा सगळे पोर्टलवर आहे. रेंजसाठी सड्यावर, म्हणजे उंच कातळमाळावर, जाऊन तिने स्वाध्याय चढवला, ‘सादर झाले’ अशी हिरवी अक्षरे उमटली आणि काही आठवड्यांनी नुसते गुण आले. आंब्याबद्दल तिने या वेळीही लिहिले होते. कणकवलीची फेरी वाचली, हे मान्य. पण ती फेरी तिला कधी जड गेली नव्हती.

मुंबई विद्यापीठाने १९७१ साली दूरस्थ शिक्षण सुरू केले, नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ साली आले आणि दूरस्थ शिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या तोडीची असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा दर्जाचे रडगाणे आता पुरे. पुस्तके उशिरा येणे, परीक्षा नेमकी आंब्याच्या हंगामात पडणे, हे त्रास आहेतच. पण ते आमच्या बायका निभावून नेतात. आपण लिहिलेले कोणी वाचतच नाही, हे कळले की त्या गुपचूप पुढच्या वर्षाचा प्रवेश घेत नाहीत.

समंत्रकांवर माझा राग नाही. स्वतःची नोकरी सांभाळून, तुटपुंज्या मानधनावर गठ्ठेच्या गठ्ठे तपासणाऱ्या माणसाने किती लिहावे? त्या लाल शाईच्या सरांनाही त्या दोन ओळींचे वेगळे पैसे कोणी दिले नसणार. म्हणूनच म्हणते, पोर्टलच्या रंगरंगोटीवर खर्च करण्याआधी प्रत्येक स्वाध्यायावर दोन ओळींचा शेरा सक्तीचा करा आणि त्याचे मानधन वाढवून द्या.