विदर्भाच्या उन्हात इन्सुलेशनचा उपयोग नाही? फिरत्या मेसेजला उत्तर

उन्हाळा तोंडावर आला की एक मेसेज गावाकडच्या ग्रुपांवर फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: इन्सुलेशन, म्हणजे छता-भिंतींवरचा उष्णता अडवणारा थर, हे थंड मुलखाचं काम, विदर्भात लावलं तर उष्णता आत कोंडते. घराचं रेटिंग, म्हणजे कमी विजेचे स्टार, वाढवायचं तर पाच स्टारचा एसी घ्या. हौसच असेल तर टिनाखाली थर्माकोल ठोका. घरकुलाचं बांधकाम सुरू असलेली माणसं हे वाचून निर्णय घेतात, आणि एकदा पडलेला स्लॅब जन्मभर डोक्यावर राहतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘थंड मुलखाचं काम.’ उष्णता गरम बाजूकडून थंड बाजूकडे जाते आणि इन्सुलेशन तिची वाट अडवतं, मग दिशा कुठलीही असो. ब्रिटनमध्ये घर विकायला किंवा भाड्यानं द्यायला ए ते जी श्रेणीचं ऊर्जा प्रमाणपत्र लागतं, आणि तिथं माळ्यावर २७० मिलिमीटर जाड खनिज तंतूंची लोकर अंथरायची शिफारस आहे. तिथल्या हिवाळ्यात घरात २० अंश आणि बाहेर ५ धरले तर फरक १५ अंशांचा. आता चंद्रपूर, अकोला किंवा ब्रह्मपुरीचा मे महिना घ्या. हवा ४५ अंश असली तरी उघडा स्लॅब वरून साठीच्या घरात तापतो. खोली ३५ वर ठेवायची म्हटली तरी फरक २५ चा. म्हणजे भर दुपारी आपलं छत त्यांच्या छतापेक्षा जास्त ताण सोसतं.

पाच इंची आरसीसी स्लॅबमधून एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमागे सुमारे ३.४ वॉट उष्णता आत येते. घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. २५ अंशांच्या फरकाला ढोबळ हिशेब दोन हजार वॉटच्या पुढं जातो, म्हणजे पाणी तापवायची मोठी रॉड छताला टांगून चालू ठेवल्यासारखं. त्याच स्लॅबवर एक इंचाचा इन्सुलेशन बोर्ड घातला की ३.४ चे साधारण १ होतात. एका इंचात उष्णता तिपटीहून जास्त घटते. हा एवढा एक आकडा तरी मेसेज पुढं ढकलणाऱ्यांनी बघावा.

‘उष्णता आत कोंडते.’ यात थोडं तथ्य आहे. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट आत येत असेल आणि रात्री दारं-खिडक्या बंद असतील, तर आत आलेली उष्णता लवकर निघत नाही. त्यावर उपाय खिडकीला छज्जा, दुपारी पडदा आणि रात्री खिडक्या उघड्या. पण उघड्या स्लॅबच्या घरात रात्री काय होतं ते आपण सगळेच भोगतो. दिवसभर प्यालेलं ऊन स्लॅब रात्री अकरा-बारापर्यंत खाली सोडत राहतो, पंखा लावला की वरची गरम हवाच अंगावर येते, आणि म्हातारी माणसं बाज अंगणात ओढतात. कुलर लावला तरी डोक्यावरची ही धग जात नाही. म्हणूनच बोर्ड स्लॅबच्या वर हवा, खाली नको. वर असला तर स्लॅब मुळात फारसा तापतच नाही. धाब्याची घरं बांधणाऱ्यांनी मातीचा जाड थर छतावरच घातला होता.

‘पाच स्टारचा एसी घेतला की घर पाच स्टार.’ एसीवरचे स्टार त्या यंत्राचे असतात. शिवाय त्यांचे निकष बदलतात: २०२२ च्या बदलात आधीचे पाच स्टारवाले एसी चारवर आले. घरांसाठी केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं एक ते पाच स्टारचं वेगळं लेबल आहे आणि ते दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती वीज लागते यावर ठरतं. २०१८ च्या ‘इको निवास संहिते’चा, म्हणजे घरांच्या ऊर्जा-बचतीच्या नियमावलीचा, पहिला भाग तर फक्त छत, भिंती आणि खिडक्या यांचाच आहे. त्यात छतासाठी कमाल मर्यादा १.२. वरचे आकडे याच मापातले: उघडा स्लॅब ३.४, म्हणजे सपशेल नापास, आणि एक इंच बोर्डासह १, म्हणजे पास. भिंती-खिडक्यांसाठी वेगळी मर्यादा आहे, दर चौरस मीटरला १५ वॉट, आणि तिच्यात खिडकीतून येणारं ऊनही मोजलं जातं. त्यामुळं नुसतं इन्सुलेशन केलं आणि काचा उघड्या उन्हात ठेवल्या तर रेटिंग हाती लागणार नाही, हेही खरं.

२०१८ ची ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठी केलेली होती. घरकुलाला कुणी स्टार द्यायला येणार नाही. पण वीजबिल आणि झोप दोन्ही त्याच हिशेबानं चालतात.

‘टिनाखाली थर्माकोल.’ हे मात्र करूच नका. थर्माकोल झपाट्यानं पेटतो, वितळून खाली ठिबकतो आणि त्याचा धूर विषारी असतो. गावाकडं वायरिंग बहुधा त्याच टिनाखालून उघडं गेलेलं असतं. टिनाच्या घराला आधी वरून पांढरा रंग द्या, ऊन तिथंच परतू द्या. पैसे जमतील तेव्हा खालून फॉइल लावलेली रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) बसवा, वायरिंग पाइपात घालून. स्लॅब पडायचा असेल तर मिस्त्रीशी आत्ताच बोला: वॉटरप्रूफिंग, त्यावर एक्सपीएस बोर्ड (थर्माकोलच्याच जातीचा, पण घट्ट फोमचा), त्यावर उताराचा कोबा आणि शेवटी पांढरी चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सचा थर). एक्सपीएसच मागा, कारण साधा थर्माकोल पाणी धरतो आणि कोब्याखाली दबतो.