कमाटीबागेच्या पुलावरून

दिवाळीनंतर पुण्याहून भाचा आला होता. दहा वर्षांचा आहे. बडोद्यात आलेल्या पाहुण्याला पहिल्याच दिवशी कमाटीबागेत न्यायचं, ही आमच्याकडे आजीपासून चालत आलेली रीत. म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा झाला, ममी झाली, प्राणिसंग्रहालयातली मगर झाली, आणि मग आम्ही बागेतल्या पुलावर येऊन उभे राहिलो. खाली विश्वामित्री नदी. काठाच्या चिखलावर एक मोठी मगर तोंड वासून पडली होती. पाण्यापासून तिच्यापर्यंत शेपटी ओढल्याची ओली रेघ होती, म्हणजे नुकतीच वर आली असावी. भाचा हळूच म्हणाला, "मावशी, ही पिंजऱ्यातून पळून आली का गं?"

"नाही रे, ही इथलीच. पिंजरे नंतर आले."

बोलून गेले आणि दिवसभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

ही बाग १८७९ सालची. तेव्हा सयाजीराव महाराज पंधरा-सोळा वर्षांचे होते. पूर्ण कारभार हाती यायला अजून दोन वर्षं होती. शे-सव्वाशे एकरांची बाग नदीला मध्ये घेऊन आखली, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं. नदीकडे पाठ करून बाग करणं सोपं होतं.

आता त्याच नदीच्या उलट दिशेने वर चला. विश्वामित्री उगम पावते पावागडावर. पायथ्याला चांपानेर. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने १४८४ मध्ये गड घेतला आणि तिथे राजधानी वसवली. २००४ पासून चांपानेर-पावागड जागतिक वारसा यादीत आहे. आपण बडोदेकर तिथे जातो ते कालिकामातेच्या दर्शनाला, आणि उतरताना जामी मशिदीसमोर फोटो काढून परततो. वेळ काढून वडा तलाव बघा, गोल जिन्याने खाली उतरणारी वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, बघा. डोंगरावरून येणारं पाणी पायथ्याला थांबवायची सोय तिथे पाचशे वर्षांपूर्वी केलेली आहे. थोडं पलीकडे जांबुघोड्याचं अभयारण्य, सुमारे १३० चौरस किलोमीटर, बिबटे आणि अस्वलांचं.

गडावर पुरातत्त्व, जंगलात वनखातं, बागेत महानगरपालिका. पाटी वेगळी, कुंपण वेगळं. पण गडावर पडलेलं पावसाचं पाणी मला बागेतल्या पुलावरून दिसतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की राज्यातल्या बागा, अभयारण्यं आणि वारसास्थळं पाण्याच्या वाटेने एकत्र धरून सांभाळायला हवीत. डोंगर उघडा पडला, तळी गाळाने भरली, ओढे बुजवून सोसायट्या उभ्या राहिल्या, की खालच्या बागेला कितीही रंग दिला तरी ती वाचत नाही.

ऑगस्ट २०२४ चा पूर कोण विसरेल? धोक्याची पातळी २५ फूट, आणि नदी ३५ फुटांच्या वर गेली. आमच्या खालच्या मजल्यावर कमरेपर्यंत पाणी होतं. आईचं लाकडी देवघर फुगून त्याचं दार आजही नीट लागत नाही. त्या दिवसांत वनखात्याने वस्तीतून दोन डझनांच्या आसपास मगरी धरून नेल्या, आणि टीव्हीवर सगळीकडे "शहरात मगरी शिरल्या". मला ते शब्द फार लागले. त्यांचं घर बुडालं होतं, आमच्यासारखंच.

नंतर, २०२५ च्या पावसाळ्याआधी, नदी खोल आणि रुंद करण्याचं मोठं काम झालं. गाळ काढायलाच हवा, पूर मीही भोगला आहे. पण काठाबद्दल मला बोलायचं आहे. मगर मातीच्या काठात बीळ करते, उन्हाळ्याच्या तोंडाला तिथेच खड्डा करून अंडी घालते, आणि पाऊस यायच्या सुमाराला पिल्लं बाहेर पडतात. म्हणजे जेसीबी चालवायला सोयीचे तेच महिने तिच्या विणीचे. हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. काठावर काँक्रीट चढवलं तर तिने अंडी कुठे घालायची? आणि कोतरांत, म्हणजे काठच्या घळींत, पसरणारं पाणी तरी कुठे जायचं? ते पुन्हा आमच्याच देवघरात येणार.

काँक्रीटचा काठ देखणा दिसतो, संध्याकाळी फिरायला बरा, हे मला मान्य आहे. तरीही बागेच्या हद्दीतला नदीकाठ मातीचाच राहू द्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि पुलावर एक पाटी लावा, गुजराती, मराठी, हिंदीत: ही नदी पावागडाहून येते, खाली दिसणारी मगर इथली रहिवासी आहे. झाडांना नावाच्या पाट्या आहेत, तशीच.

थंडीत रविवारी दहाच्या सुमाराला मी पुलावर असते. ऊन चढलं की मगरी वर येतात. मुलांना घेऊन या, फक्त वरून वेफर्स टाकू देऊ नका.