बेल वाजवू नका

सोसायटीच्या ग्रुपवर आज एकाने फोटो टाकला. तिसऱ्या मजल्यावरच्या दारावर पुठ्ठ्याची पाटी, पोराच्या अक्षरात: "बाबा झोपलेत. बेल वाजवू नका." खाली कॉमेंट, "साडेदहा वाजलेत. नोकरी असावी तर अशी!" आणि त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

ते बाबा मालगाडीचे लोको पायलट, म्हणजे इंजिन ड्रायव्हर आहेत. सकाळी सहाला साइन ऑफ केलंय, म्हणजे ड्युटी संपवलीय.

आता जरा हिशोब मांडू. आठ तास किंवा जास्त ड्युटी झाली की हेडक्वार्टरला, म्हणजे आपल्या मूळ स्टेशनावर, 16 तास रेस्ट. ऐकायला केवढी ऐसपैस! पण सहाला सुटलेल्या माणसाची ती रात्री दहाला संपते. घरी पोचून, आंघोळ-चहा उरकून आडवं व्हायला आठ वाजतात. डोक्यावर ऊन, खाली टाकीची मोटर. झोप लागलीच तर बारापर्यंत. म्हणजे दहाला साइन ऑन करताना तो दहा तास जागा असतो, पहाटे पाचला सतरा तास. कागदावर रेस्ट पूर्ण.

सतरा तासांच्या जागरणानंतर हात-डोळ्यांचा ताळमेळ रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखा बिघडतो, हे 1997 सालीच मोजून झालंय. आपल्याकडे कार चालवायची मर्यादा 0.03 आहे. लॉबीत, म्हणजे ड्युटीची हजेरी लावायच्या ऑफिसात, साइन ऑन करताना नळीत फुंकून दाखवावं लागतं, दारू अजिबात चालत नाही. बरोबरच आहे ते. झोप मोजायची नळी कुठे आहे?

कुणीतरी लगेच लिहिलं, "इंजिनात यंत्र असतं, ड्रायव्हर झोपला की गाडी आपोआप थांबते." असतं ना, व्हीसीडी म्हणतात त्याला. 60 सेकंद ड्रायव्हरने ना काही हलवलं ना त्याचं बटण दाबलं, की दिवा लुकलुकतो, आठ सेकंदांनी बझर, आणखी आठ सेकंदांनी ब्रेक. एकूण 76 सेकंद. ताशी 75 च्या मालगाडीने तेवढ्यात दीड किलोमीटर काटलेलं असतं, आणि पुढचा सिग्नल कित्येकदा किलोमीटरभरावरच असतो. शिवाय डुलकी असते चार-पाच सेकंदांची, तिचा व्हीसीडीला पत्ताच लागत नाही. वर्षानुवर्षं बटण दाबलेला हात अर्धवट झोपेतही ते दाबतो, जसे तुम्ही गजर बंद करता.

आणि खरा वैरी पळती गाडी नाहीच, लूप लाइन आहे. मेल-एक्स्प्रेस पुढे काढायच्या म्हणून मालगाडी बाजूच्या या रुळावर घेतात. पहाटेचे तीन, समोर लाल सिग्नल, बाहेर मिट्ट काळोख, तास-दीड तास नुसतं बसायचं. शरीराची ही सगळ्यात गाळात जायची वेळ. मग अचानक पिवळा पडतो आणि लोको पायलट-असिस्टंट दोघांनी सिग्नल मोठ्याने पुकारत निघायचं. पुकारा तोंडातून निघतो, डोळ्यांनी पाहिलंय की नाही देव जाणे.

बरं, काही जण रेस्टमध्ये लोकांच्या लग्नांना जातात, शेतावर जातात, हेही खरं. मालगाडीला वेळापत्रक नसतं, माणसं कमी आहेत, तेही मान्य.

पण ड्युटीचा कॉल कधी येणार हे तरी कळू द्या! दहाला रेस्ट संपली म्हणजे आठला फोन येईलच असं नाही. गाडी तयार नसेल तर रात्री एकला येतो. मग संध्याकाळी पाच ते सात झोपून घ्यावं, की आठच्या फोनसाठी जेवून तयार बसावं? बिचारा दोन्ही अर्धं अर्धं करतो. कॉलची वेळ निदान सकाळीच कळली तर दुपारनंतर सलग दोन तास पदरात पडतील. विश्रांती नुसती तासांत मोजू नका, त्यात रात्र किती होती ते बघा. सलग दोनच्या वर नाइट नकोत, ही लोको पायलटांची मागणी कित्येक वर्षांची आहे. ती चैन नव्हे.

जाऊ दे. मघाशी फार चिडून लिहिलं. ग्रुपवरच्यांनाही हे कुणी सांगितलं नसेल. त्या घरात दुपारी कुकरच्या शिट्ट्या नकोत म्हणून वहिनी सकाळी सातलाच डाळ शिजवून ठेवतात. पोरगं शाळेतून आलं की बूट जिन्यातच काढतं.

साडेअकराला कुरिअरवाला आला. पाटी वाचली, हसला आणि बेल वाजवली.